'डोन्ट नोइंग' का चालत नाही? थोडी पार्श्वभूमी

गेल्या आठवड्यात भाची दहावीचा इंग्लिश निबंध दाखवायला घेऊन आली, त्यात वाक्य होतं 'डोन्ट नोइंग द वे, वुई आस्क्ड अ पोलिसमन', मी डोन्ट खोडून 'नॉट नोइंग' केलं तर तिचा सरळ प्रश्न, मामा 'आय डोन्ट नो' मध्ये डोन्ट चालतो मग इथे का नाही? प्रश्न एकदम योग्य आहे, आणि 'नियमच आहे तसा' म्हणून पोरांना गप्प बसवणं मला अजिबात पटत नाही, कारण याचं उत्तर आहे.

डोन्ट हा इंग्लिशमध्ये खूप उशिरा आलेला पाहुणा आहे. जुन्या इंग्लिशमध्ये नकारासाठी क्रियापदाच्या आधी नुसतं 'ने' लागायचं. मग जोर द्यायला मागे अजून एक शब्द जोडायला लागले ज्याचा अर्थ 'काहीच नाही', तोच झिजून झिजून आजचा 'नॉट' झाला, आणि पुढचा 'ने' गळून पडला. म्हणजे वाक्य झालं 'आय से नॉट'. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने 1917 मध्ये हा सगळा प्रवास पायरी पायरीने मांडला. 'डू' चा वापर वाढला तो 1500 नंतर, आणि साधारण 1700 पर्यंत 'आय डू नॉट से' हे नेहमीचं होऊन बसलं.

आता 1611 चं इंग्लिश बायबल उघडा. रानातल्या फुलांबद्दल लिहिलंय 'दे टॉइल नॉट', आज कोणी असं बोलणार नाही, आज 'दे डोन्ट टॉइल'. पण अब्राहमबद्दल लिहिलंय 'नॉट नोइंग व्हिदर ही वेंट', कुठे चाललोय हे माहीत नसताना निघाला, आणि यातलं 'नॉट नोइंग' चारशे वर्षांनी जसंच्या तसं चालतं! डू आला तो काळ आणि पुरुष दाखवणाऱ्या क्रियापदाला मदत करायला. डू, डज, डिड ही रूपं त्यासाठीच आहेत ना. 'नोइंग' ला काळ नाही की पुरुष नाही, मग डू तिथे येऊन करणार काय? म्हणून तिथे जुनाच नॉट पुढे उभा राहिला. हां, एक गोष्ट तेव्हा पक्की नव्हती, त्याच बायबलमध्ये 'हॅविंग नॉट सीन' पण आहे आणि 'नॉट हॅविंग रिसीव्ड' पण आहे. आता नॉट आधी ठेवायची सवय लावा, परीक्षेत तेच सुरक्षित.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की आपल्या मराठीत जवळपास असंच झालंय. तुकोबा म्हणतात 'तुझा विसर न व्हावा', 'न लगे मुक्ति', म्हणजे न क्रियापदाच्या आधी. आज आपण 'लागत नाही', 'होऊ नये' म्हणतो, नकार मागे गेला. पण 'न सांगता', 'न जेवता', 'न बोलता' यात न अजून पुढेच आहे, 'सांगता नाही' कोणी म्हणत नाही. भाचीला हे सांगितलं आणि तिने लगेच स्वतःहून 'नॉट हॅविंग मनी, वुई वॉक्ड' करून दाखवलं.

फक्त शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका. 'न सांगता निघून गेला' ला इंग्लिशमध्ये बहुतेक वेळा 'विदाउट टेलिंग' बसतं, आणि 'माहीत नसल्यामुळे' असं कारण असेल तिथे 'नॉट नोइंग'. अजून एक, मराठीत 'पत्ता माहीत नसल्यामुळे फोन केला' यात कोणी केला ते सांगावं लागत नाही, म्हणून आपली मुलं बिनधास्त 'नॉट नोइंग द अॅड्रेस, अ कॉल वॉज मेड' लिहून मोकळी होतात. इंग्लिश वाचणाऱ्याला वाटतं पत्ता त्या कॉललाच माहीत नव्हता. स्वल्पविरामानंतर लगेच तो माणूस आला पाहिजे ज्याला माहीत नव्हतं, 'आय मेड अ कॉल'.