गावाकडं राहून मुलांना बॅले शिकवायचंय? शूज घ्यायच्या आधी हे वाचा

आमचं दुकान तसं गॅदरिंगच्या कपड्यांचं. कोळी डान्सच्या साड्या, मावळ्यांचे अंगरखे, पऱ्यांचे पंख, डिसेंबर-जानेवारीत जेवायला सुद्धा वेळ नसतो. पण हल्ली वर्षभर एक वेगळीच चौकशी येते, "दादा, बॅलेचे शूज आहेत का, आणि क्लास कुठंय हो?" शूज आहेत. क्लासचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही म्हणून हा कागद छापलाय, बिलाबरोबर घरी न्या आणि निवांत वाचा.

आमच्या कराडसारख्या गावात क्लासच्या बोर्डावर 'बॉलिवूड, हिपहॉप, झुंबा, बॅले' असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि शिकवणारा पोरगा एकच असतो. त्याच्या मेहनतीला नावं ठेवायची नाहीत, पण बॅले काही ताटात डावीकडं वाढायची चटणी नाही, त्याला वर्षानुवर्षं शिकलेला माणूस लागतो. म्हणून फी विचारायच्या आधी सरळ विचारा, तुम्ही कुणाकडं शिकलात, किती वर्षं, कुठल्या परीक्षा दिल्यात? चांगला शिक्षक याचा राग धरत नाही, उलट खूश होऊन सांगत बसतो.

परीक्षांचं कसंय, आपल्याकडं कथकला गांधर्वची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी शिडी असते ना, तशीच बॅलेलाही असते. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स ही 1920 ची संस्था, तिच्या परीक्षा भारतातही होतात. 5 वर्षं पूर्ण झाली की प्री-प्रायमरी, 6 ला प्रायमरी, 7 ला ग्रेड 1, मग ग्रेड 8 पर्यंत. त्यांच्या वेबसाइटवर नोंदणी असलेले शिक्षक शोधता येतात, घरबसल्या पहिलं काम हे करा. रशियन पद्धतीनं, म्हणजे वागानोवा पद्धतीनं शिकवणारेही असतात, तेही उत्तम, फक्त नाव सांगता आलं पाहिजे. 'आमची स्वतःची स्टाइल आहे' म्हणाले की आपण नमस्कार करून निघायचं.

आता फरशी. हे कुणीच बघत नाही. क्लासला गेलात की चप्पल काढा आणि टाच आपटून बघा. खाली स्लॅब आणि वर टाइल्स किंवा कोटा असेल तर ती टाच तुम्हालाच झणझणीत कळेल, आणि तुमची पोरगी तिथं तासाभरात शंभर उड्या मारणार आहे. नडगी दुखणं, गुडघा धरणं हे तिथूनच सुरू होतं. नीट क्लासात खाली लाकडी पट्ट्यांचा किंवा फोमचा सांगाडा, त्यावर प्लाय आणि वर न घसरणारा व्हिनाइलचा रोल असतो, पाय पडला की जमीन जराशी दबते. पैलवानाला तांबड्या मातीचा हौदा का लागतो हे आपल्या भागात कुणाला समजवावं लागत नाही, तसंच आहे हे. एवढी फरशी नसेल तर निदान लहान मुलांना उड्या कमी मारायला लावतात का ते विचारा.

पाच-दहा मिनिटं क्लास बघू द्या म्हणावं. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवतात, ते वळण खुब्यातून यायला पाहिजे. मुलं पावलं बाहेर पिळून उभी आहेत आणि गुडघे मात्र समोरच बघतायत, तर तो सगळा ताण गुडघ्यावर चाललाय समजा. स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय पूर्ण फाकवून, बसवून वरून खांदे दाबत असतील तर पुढचं बघूच नका.

आणि आता आमचीच एक चूक सांगतो. सुरुवातीला एक ताई आल्या होत्या, मुलगी 8 वर्षांची, त्यांना ते पुढं कडक टोक असलेले, बोटांवर उभं राहायचे पॉइंट शूज हवे होते, गॅदरिंगला फोटो छान येतो म्हणून. आम्ही दिले. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी शूज परत आले, आत अंगठ्याच्या जागी रक्ताचा डाग. तेव्हापासून शिक्षकाची चिठ्ठी असल्याशिवाय पॉइंट शूज विकत नाही, कितीही भांडा. या वयात पावलाची हाडं अजून पक्की झालेली नसतात. साधारण 12 च्या आसपास, तेही आधी काही वर्षं नियमित शिकून घोटा, पोटऱ्या आणि कंबर मजबूत झाली असेल तरच, आणि ते ठरवणार शिक्षक, आम्ही नाही आणि तुम्हीही नाही.

जवळपास चांगला क्लास नसलाच तर? आमचं मत विचाराल तर वाईट बॅलेपेक्षा चांगलं कथक, भरतनाट्यम, जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब शंभरदा बरं. ताल, तोल, ताकद हे सगळं पुढं कामाला येतं. दिल्लीचा कमल सिंग, वडील ई-रिक्षा चालवायचे, 17 व्या वर्षी बॅले सुरू करून 2020 मध्ये लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलला पोचला. प्रत्येकाचं तसं होत नाही, पण पाचव्या वर्षी क्लास मिळाला नाही म्हणून सगळं संपलं असं नसतं एवढं खरं. मुंबईत तर तुषना डल्लास यांनी 1966 मध्येच बॅलेची शाळा काढली, म्हणजे महाराष्ट्राला हे अगदीच नवं नाही, फक्त आपल्यापर्यंत यायला वेळ लागतोय.

आमच्या ओळखीतल्या चार घरांनी मार्ग काढलाय. एक आड एक रविवारी चार पोरी, एक गाडी, पाळीपाळीनं एक पालक, कराड ते पुणं 160 किलोमीटर, तिथं दोन तासांचा क्लास, आणि मधल्या दिवसांत त्याच बाईंचा ऑनलाइन. धरायला बार, म्हणजे आधाराचा दांडा, नाही म्हणून एकीनं स्वयंपाकाचा ओटाच धरलाय, तिची आजी म्हणते पोरगी प्लीए (पाय बाहेर वळवून गुडघे वाकवणं) करते तोवर माझा कुकर थांबतो. ऑनलाइन घेणार असाल तर मोबाइल असा ठेवा की पावलं दिसतील, नुसता चेहरा दिसून बाईंना काय कळणार. आणि निव्वळ ऑनलाइनवर पहिली वर्षं काढू नका, हात लावून पाठ सरळ करणारं कुणीतरी समोर लागतंच.

शूजचं थोडक्यात. सुरुवातीला पूर्ण तळव्याचे, लेदर किंवा कॅनव्हास, मधे तळवा तुटलेले नंतर. शाळेच्या बुटासारखे 'वाढत्या पायाचे' घेऊ नका, बॅलेचा शू मोज्यासारखा बसला पाहिजे, बोटं आत सपाट. इलॅस्टिक घरी शिवायचं असतं, जमत नसेल तर आम्ही शिवून देतो, त्याचे पैसे नाहीत. लांब राहत असाल तर मुलांना कागदावर उभं करून दोन्ही पायांची रेघ मारून आणा, एकाची नको, दोन्ही पाय सारखे नसतात. परवा एक भाऊ कालनिर्णयच्या मागच्या बाजूवर मुलाचे पाय काढून घेऊन आले होते, हो, मुलाचे, मुलांच्या साइजचे काळे शूजही ठेवतो. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय जरा फुगतो. घरात फरशीवर घालून बघा, बाहेर अंगणात घातलेले मात्र परत घेत नाही.