रविवार मागून घेतलेला आहे

दिनचर्या म्हटलं की आपल्याला शिस्त आठवते : पहाटे उठावं, वेळेवर जेवावं, वेळेवर झोपावं. पण या वेळा पाळायला त्या आधी आपल्या हातात असाव्या लागतात. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या हातात त्या नव्हत्या. त्यांनी त्या एकेक करून मागून घेतल्या. म्हणून दिनचर्येचं मोल समजून घ्यायचं तर गिरणगावात जावं असं मला मनापासून वाटतं.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांना कष्ट नवे नव्हते. शेतातही पेरणी-कापणीला पाठ मोडते, पण मग उसंत मिळते. गिरणीत ती नव्हती. उजाडलं की यंत्रं सुरू, अंधारलं की बंद. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस लांबायचा. आठवड्याची सुट्टी नव्हती, दुपारी भाकरीला स्वस्थ वेळ मिळेल याची हमी नव्हती.

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा घेतली. लोखंडे सत्यशोधक, महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक चालवणारे. तिथल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांनी नावं घातली. मागण्या अशा : दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. यात पगारवाढ नाही! दिवस कधी सुरू होणार, कधी संपणार आणि हातात पैसे कधी येणार, एवढं पक्कं करून द्या, हेच त्यांचं मुख्य मागणं होतं. पोटाला चिमटा असतानाही माणसं आधी हे मागतात, दिनचर्येच्या मोलाचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

रविवारची सुट्टी 1890 मध्ये गिरणी मालकांनी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

पण मधे विजेचे दिवे आले. अंधाराने काम थांबवायचं बंद झालं आणि 1905 च्या सुमारास काही गिरण्या 14-15 तास चालू लागल्या. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला 12 तासांची मर्यादा 1911 च्या कायद्याने घातली. 1922 मध्ये आठवड्याला 60 तास, 1934 मध्ये 54, 1946 मध्ये 48.

घड्याळावरूनही वाद झाला. 1906 मध्ये देशाची प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटं पुढे. श्रीमंताच्या घरी तो काटे फिरवण्याचा प्रश्न, कामगाराच्या घरी 39 मिनिटं झोप कमी होण्याचा. विरोध इतका टिकला की महापालिकेने जुनी ‘मुंबई वेळ’ थेट 1955 पर्यंत सोडली नाही.

मनगटावर घड्याळ नसलेल्यांचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. लालबाग-परळच्या चाळींत तो फक्त कामगारासाठी वाजत नसे. खानावळ चालवणाऱ्या बाईचा स्टोव्ह, डबे, नळावरची रांग, सगळं पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी यांना बांधलेलं. एका गाळ्यात कितीतरी जण राहत. रातपाळीचा परतला की दिवसपाळीच्याची पथारी त्याला मिळे. एकाचं वेळापत्रक दुसऱ्याची झोप होतं.

आणि याच वस्तीत बदली कामगार होता. तो रोज पाळीच्या वेळेला गिरणीच्या फाटकाशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. पहाटे तो इतरांइतकाच लवकर उठे. पण आज दुपारी डबा कुठे उघडायचा, हे त्याला फाटकावर गेल्यावरच कळे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या कितीतरी जणांना कायमच्या पाळीवर परत जाता आलंच नाही.