लाकडी तलवार नेमकी का तुटते?

जपानी तलवारबाजीच्या सरावात वापरली जाणारी लाकडी तलवार, म्हणजे बोकुतो, तुटली की सगळे लाकडाच्या जातीला दोष देतात. ‘खरं ओक नसणार!’ ऑनलाइन दुकानांतही जात आणि वजन एवढंच ठळक छापलेलं असतं. पण अस्सल ओकाची जड तलवारसुद्धा एका टोल्यात दुभंगू शकते. तलवार टिकेल की नाही, हे जातीइतकंच त्या लाकडातले तंतू कोणत्या दिशेने धावतात यावर ठरतं, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

जपानमधल्या बहुतेक बोकुतो क्यूशू बेटावरच्या मियाकोनोजो या शहरात तयार होतात. तिथले कारागीर मुख्यतः आकागाशी आणि शिराकाशी हे सदाहरित ओक वापरतात. वाळल्यावर त्यांची घनता पाण्याच्या 0.8 ते 0.9 पट भरते. उत्तम लाकूड, यात वाद नाही.

आता लाकूड आतून पाहू. झाडाच्या खोडात सेल्युलोजच्या भिंती असलेल्या लांबट, पोकळ पेशी उभ्या रचलेल्या असतात आणि लिग्निन त्यांना एकमेकींशी चिकटवून ठेवतं. तंतूंच्या दिशेने ओढलं तर सेल्युलोजच्या साखळ्या ताण घेतात. आडवं ओढलं तर सगळा भार त्या चिकटपणावर येतो, आणि लाकूड वीसपट किंवा त्याहूनही कमी ताणात फाटतं. जळाऊ लाकूड उभं सहज फुटतं, आडवं तोडताना घाम निघतो, ते यामुळेच.

तंतू तलवारीच्या लांबीला समांतर नसतील, थोडे तिरके असतील, तर? अमेरिकेच्या वनखात्याच्या प्रयोगशाळेने याची मोजमापं केलेली आहेत. दहा सेंटिमीटर लांबीत तंतू एक सेंटिमीटर सरकत असतील, तर वाकवून मोडण्याची ताकद सरळ लाकडाच्या 81 टक्के उरते, पण आघात सोसण्याची ताकद 62 टक्क्यांवर येते. पाचात एक तिरकेपणा असेल तर हेच आकडे 55 आणि 36 होतात. दाब सोसण्याची ताकद मात्र फारशी घटत नाही. म्हणून टेबलाचा पाय तिरक्या तंतूंचा असला तरी वर्षानुवर्षं उभा राहतो. तलवारीचं काम आघाताचं आहे, तिला ही सवलत नाही.

शिवाय तलवार वक्र असते. समजा, एक मीटर लांबीत मधला फुगवटा दोन सेंटिमीटर आहे. सरळ तंतूंच्या फळीतून हा आकार कापला, तर मध्यावर तंतू समांतर राहतात, पण वर्तुळकंसाच्या हिशेबाने टोकांशी तिरकेपणा चार गुणिले दोन भागिले शंभर, म्हणजे सुमारे बारात एक होतो. एवढं चालतं. पण फळीतले तंतू मुळातच बारात एक कलले असतील, तर एका टोकाला दोन्ही तिरकेपणांची बेरीज होऊन तो सहात एक होतो, आणि तिथली आघातशक्ती निम्म्याच्याही खाली जाते. दुसऱ्या टोकाला वजाबाकी होते, म्हणून ती बाजू शाबूत राहते. एकाच तलवारीचं एक टोक भक्कम आणि दुसरं कमजोर!

हे सगळं कारागिराच्या हाताला रंध्यातून कळतं. तंतू लाकडात खाली उतरत असतील त्या दिशेने रंधा मारला की पातं त्यांच्याखाली शिरतं आणि लाकूड उचकटतं. म्हणून धारेच्या फुगीर बाजूवर मध्यापासून टोकांकडे आणि पाठीच्या खोलगट बाजूवर टोकांपासून मध्याकडे रंधा चालवावा लागतो. ही दिशा मध्यावर न बदलता भलतीकडेच बदलायला लागली, तर फळी तिरकी आहे हे तिथेच उघड होतं. सुरेख गोष्ट ही की जपानी रंध्याचा ठोकळाही बहुधा शिराकाशीचाच असतो.

विकत घेणाऱ्याने काय पाहावं? वाढीच्या वलयांमुळे दिसणारी ज्वालेसारखी नक्षी फसवी असते. फळी कुठून कापली एवढंच ती सांगते. बारीक छिद्रांच्या रेघा आणि वाळताना पडलेल्या केसासारख्या चिरा तंतूंची खरी दिशा दाखवतात. रेघ मुठीकडून टोकाकडे जाण्याऐवजी मध्येच कडेला बाहेर पडत असेल, तर ती तलवार घेऊ नये.

सात्सुमातल्या, म्हणजे आजच्या कागोशिमाच्या, जिगेन-र्‍यू या तलवारबाजीच्या परंपरेने हा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे. तिथे युसू झाडाची फांदी जवळपास तशीच वाळवून वापरतात आणि जमिनीत रोवलेल्या खांबावर वारंवार प्रहार करतात. कापून आकार दिलेला नसल्याने तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बहुतांशी अखंड राहतात.

वीज पडलेल्या झाडाच्या लाकडात ‘ऊर्जा’ असते, अशा गोष्टी सांगून महागड्या काठ्या विकणाऱ्यांपासून दूर राहा. विजेने खोडातलं पाणी क्षणात उकळून वाफ होते, आणि त्या दाबाने लाकूड आतून चिरू शकतं. सरावाच्या तलवारीला तेच सर्वांत घातक.

तिरक्या तंतूंची तलवार मोडते तेव्हा लांब, टोकदार ढलपी सुटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकते. म्हणून प्रत्येक सरावानंतर पात्यावरून अंगठा फिरवून चीर शोधावी, आणि सापडली तर ती तलवार जोडीच्या सरावातून कायमची बाद करावी.