बटण बंद, तरी छतात उजेड

डोंबिवलीच्या मावशीचा रात्री साडेअकराला फोन आला. "अरे, हॉलमधले दिवे बंद केले तरी पूर्ण बंद होत नाहीयेत. छतात काहीतरी मिणमिणतंय. करंट तर उतरला नाही ना रे?" पीओपीचं फॉल्स सीलिंग करून तिला जेमतेम महिना झाला होता. छतात बसवलेले आठ गोल एलईडी दिवे, आणि अंधारात आठही पुसट चमकत होते. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, पण दिव्याला हातही लावू नकोस.

जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात ही तक्रार कधी ऐकू आली नाही. बल्बची तार लालबुंद व्हायला भरपूर करंट लागायचा. थोडाफार झिरपला तरी कळायचं नाही. एलईडी मात्र मिलिअँपिअरच्या अंशावरसुद्धा डोळ्याला दिसेल इतका उजळतो. आणि एवढा करंट झिरपायला तारा एकमेकींना चिकटाव्या लागत नाहीत. भिंतीतल्या पाइपातून फेजची, म्हणजे वीज आणणारी तार आणि बटणाकडून दिव्याकडे जाणारी तार कित्येक मीटर शेजारी शेजारी जातात. दोन तांब्याच्या तारा, मध्ये प्लॅस्टिकचं आवरण: हा झाला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग. आपल्या घरातला करंट सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होतो, आणि असा करंट कपॅसिटरमधून थोडा पलीकडे जातोच. बटणात छोटा इंडिकेटर असेल तर त्याच्यातूनही तेवढाच चोरटा प्रवाह दिव्यापर्यंत पोहोचू शकतो.

काही घरांत दिवा मंद जळत नाही, तर दर काही सेकंदांनी एकदा लुकलुकतो. कारण तेच. झिरपणारा करंट दिव्याच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीतला कपॅसिटर हळूहळू भरतो, ठिबकणाऱ्या नळाखाली तांब्या भरावा तसा. पुरेसा भरला की ड्रायव्हर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, साठा क्षणात संपतो, आणि पुन्हा पहिल्यापासून थेंब थेंब.

मावशीकडचं कारण मात्र याहून काळजीचं निघालं. वायरमनने फेजऐवजी न्यूट्रल, म्हणजे परतीची तार बटणावर घेतली होती. अशा जोडणीत दिवा लागतो, विझतो, सगळं नीट दिसतं. पण बटण बंद केल्यावरही दिव्यापर्यंत 230 व्होल्ट पोहोचलेलेच असतात. परतीचा रस्ता तेवढा तुटलेला असतो. दिवा साफ करायला स्टुलावर चढलेल्या माणसाचा हात उघड्या तारेला लागला, तर तो परतीचा रस्ता त्याच्या शरीरातून तयार होतो. म्हणून छतातला दिवा काढताना बटणावर कधीच विसंबू नका. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्या लाइनचा खटका, खाली करा, आणि घरातल्यांना तसं सांगून ठेवा. टेस्टरचंही एक लक्षात असू द्या: शेजारच्या तारेमुळे आलेल्या नुसत्या भासावरही तो पेटतो. तारेत खरा दम आहे की नाही ते वायरमनचा टेस्ट लॅम्प सांगतो. मावशीच्या बोर्डात तारा योग्य जागी गेल्या आणि त्या रात्री हॉल काळाकुट्ट झाला.

दुसरी नेहमीची तक्रार: "एलईडी पंधरा वर्षं टिकतो म्हणाले होते, दोन वर्षांत गेला." बहुतेक वेळा एलईडी जिवंत असतो, मरतो तो ड्रायव्हर. दिव्यामागे लोंबणारी ती पांढरी डबी म्हणजे ड्रायव्हर. ती 230 व्होल्टच्या उलटसुलट करंटचा सरळ, ठरावीक करंट बनवते. मावशीच्याच स्वयंपाकघरातला, गॅसच्या शेगडीच्या वरचा दिवा मी उतरवला आणि डबी उघडली. आत एक छोटं नळकांडं असतं, त्याच्या सपाट ॲल्युमिनियमच्या डोक्यावर फुलीसारखी खाच. ते डोकं पुरीसारखं फुगलं होतं आणि कडेला तपकिरी डाग होता. हा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्याच्यात द्रव असतो, तो उष्णतेने वाळत जातो.

वाळण्याच्या वेगाचं गणित मात्र सरळ आहे. तापमान वाढलं की रासायनिक क्रिया किती जलद होतात, याचं सूत्र स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांनी 1889 मध्ये मांडलं. कपॅसिटरच्या बाबतीत त्याचा ढोबळ नियम असा: तापमान 10 अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. समजा कपॅसिटरवर '105 अंश, 2000 तास' असा दर्जा आहे. 85 अंशांवर तो 8000 तास चालेल. रोज सहा तास दिवा लावला तर साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. तोच 65 अंशांवर राहिला तर 32,000 तास, म्हणजे चौदा वर्षांवर. वीस अंशांच्या फरकाने दहा-अकरा वर्षं कमी-जास्त होतात.

आता ही डबी आपण ठेवतो कुठे? पीओपीच्या वर, चार बोटांच्या बंद पोकळीत, अनेकदा दिव्याच्याच तापलेल्या पाठीवर. एलईडीला हात लावला तर बल्बसारखा चटका बसत नाही, म्हणून तो थंड असतो असं वाटतं. पण 12 वॅटच्या दिव्यातले निम्म्याहून जास्त वॅट उष्णताच होतात, आणि ही उष्णता प्रकाशाबरोबर खाली जात नाही. मागच्या ॲल्युमिनियममधून वर, त्या पोकळीतच शिरते. स्वयंपाकघरात तर शेगडीची गरम हवा छतालाच जमते. यावरचा उपाय फुकटातला आहे: ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवर न टाकता तारेच्या लांबीइतका बाजूला सरकवा. सीलिंग करतानाच ही पोकळी थोडी मोठी ठेवून घेतली तर उत्तमच. सुतार आणि पीओपीवाले उंची वाचवायला बघतात, तिथे आग्रह धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बरेच ड्रायव्हर वेगळे विकत मिळतात, आख्खा दिवा फेकायची गरज नसते. जुन्या डबीवरचे आकडे वाचा, उदाहरणार्थ 'आउटपुट 300 एमए, 36 ते 50 व्होल्ट'. मिलिअँपिअरचा आकडा जुळायलाच हवा. जास्तीचा लावला तर दिवा काही दिवस झगझगीत दिसतो आणि मग कायमचा जातो. शिवाय चालू ड्रायव्हरला दिवा जोडू नका. मोकळ्या टोकांवर व्होल्टेज चढून बसलेलं असतं, दिवा जोडताक्षणी ते झटक्यात एलईडींत उतरतं. आधी जोडणी, मग एमसीबी.

ड्रायव्हर चांगला असूनही दिवा लागत नसेल तर पुढची पांढरी चकती काढून एलईडींचे पिवळे ठिपके निरखा. एखाद्याच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसला तर तोच गेलेला. बहुतेक दिव्यांत सगळे एका माळेत ओवलेले असतात, एक तुटला की सगळी माळ विझते.

दिवे फडफडत असतील तर आधी मोजा: एक फडफडतोय की सगळे? एकच असेल तर ड्रायव्हर किंवा नुसत्या टेपने गुंडाळलेला सैल जोड. असा जोड तापतो, काळा पडतो आणि आग लावू शकतो, त्यामुळे टेप काढून स्क्रूचा कनेक्टर लावून घ्या. पाण्याची मोटर किंवा मिक्सर लावताना क्षणभर सगळे दबत असतील, तर ती व्होल्टेजची डुबकी. पण काही दिवे एकदम प्रखर झाले, काही मंदावले, पंखे वेड्यासारखे फिरू लागले, तर मेन स्विच तात्काळ बंद करा आणि वीज कंपनीला फोन करा. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटल्याचं हे लक्षण आहे. दोन फेजमधलं व्होल्टेज 415 असतं, आणि त्यातला मोठा हिस्सा तुमच्या घरावर येऊ शकतो.

डिमरला, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाला न चालणारा ड्रायव्हर डिमरवर लावला तरी दिवा फडफडतो. जुन्या 12 व्होल्टच्या हॅलोजनच्या जागी तेवढ्याच व्होल्टचा एलईडी बसवला तरीही तेच होऊ शकतं, कारण छतातला जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर मोठ्या भाराची वाट बघत असतो. तो बदला.

आणि पावसाळा. दिव्याच्या कडेने पिवळसर वर्तुळ उमटलं असेल, किंवा आरसीसीबी (करंट भलतीकडे झिरपला की वीज तोडणारा बोर्डातला खटका) फक्त पावसातच पडत असेल, तर वर पाणी आहे. गच्चीचं असेल, नाहीतर वरच्या मजल्याच्या बाथरूमचं. गळती बंद होऊन पोकळी वाळेपर्यंत ते दिवे लावू नका, आणि आरसीसीबी पुन्हा पुन्हा वर ढकलू नका. 30 मिलिअँपिअर करंट भलतीकडे जातोय म्हणूनच तो पडतोय.

मावशीच्या स्वयंपाकघरातला नवा ड्रायव्हर आता दिव्यापासून हातभर लांब, सीलिंगच्या पट्टीला बांधलेला आहे. त्याच्यावर मार्करने मी बसवल्याची तारीख लिहिली. पुढच्या वेळी तो खाली उतरेल तेव्हा किती टिकला ते मोजता येईल.