दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल : पेलेटची निवड आणि बंदुकीची जुळवणी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवी मॅच रायफल घेतली की पुढची चौकशी बहुधा जादा वजनांची, नव्या साइटची (नेम धरण्याच्या साधनाची) नाहीतर महागड्या बट प्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीची) असते. डबीतल्या पेलेटचा (छर्ऱ्याचा) लॉट, म्हणजे एकत्र बनवलेला गट, कोणता, हे विचारणारे थोडे. रायफलमध्ये गुण मात्र बरेचदा तिथेच गळतात. म्हणून या पत्रकात सर्वात जास्त जागा पेलेटला दिली आहे.

येथील माहिती ४.५ मिमी कॅलिबरच्या, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या मॅच रायफल आणि पिस्तुलांची आहे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. मॅच रायफलमधून ०.५३ ग्रॅमचे पेलेट सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटते. हिशेब केला तर ऊर्जा सुमारे ७.७ ज्यूल भरते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

घेण्यापूर्वी

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला विश्वविजेता झाला आणि एअर रायफलची चौकशी करणाऱ्या पालकांची संख्या वाढली. त्यांना आमचा सल्ला एकच : मुलाला आधी क्लबच्या रायफलवर काही महिने नेमबाजी करू द्या. शालेय स्पर्धांत ओपन साइट (उघड्या खाचेची) आणि पीप साइट (छिद्रातून पाहायची) असे वेगळे गट असतात. तिथे साध्या स्प्रिंगच्या रायफलवर सुरुवात होते. आयात केलेली मॅच रायफल लाखांच्या घरात जाते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तिचे वजन पेलत नसेल तर ते पैसे कपाटात पडून राहतात.

रायफलच्या वजनाची कमाल मर्यादा साइटसह ५.५ किलो आहे. तेवढे वजन असलेच पाहिजे असे नाही. सडपातळ मुलांना चार किलोच्या आसपासची, बट प्लेट आणि चीकपीस भरपूर सरकणारी रायफल घ्या. चीकपीसवर गाल टेकवून डोळे मिटा आणि उघडा. मान न हलवता मागच्या साइटच्या छिद्रातून पुढची रिंग मधोमध दिसली, तर उंची बरोबर आहे. मान खाली दाबावी लागत असेल तर चीकपीस उतरवा. वर उचलावी लागत असेल तर चढवा.

पिस्तुलाला वजनाची मर्यादा १.५ किलो आहे आणि ते ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसले पाहिजे. पिस्तुलात सगळा खेळ ग्रिपचा (मुठीचा). मोठी ग्रिप घेऊन पुट्टी भरत बसण्यापेक्षा किंचित लहान घेऊन कानशीने घासलेली बरी. घासताना ग्रिप पुन्हा पुन्हा हातात धरून पाहा, कारण लाकूड एकदा गेले की गेले.

सेकंडहँड घेत असाल तर सर्वात आधी हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. उत्पादनापासून दहा वर्षे झालेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि ती तारीख सांभाळण्याची जबाबदारी नेमबाजाचीच धरली जाते. नव्या सिलिंडरचा खर्च सौद्यातून वजा करून घ्या.

पेलेट : थोडा हिशेब

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो. पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ०.२५ मिमीच्या आत पडला तर पूर्ण १०.९ गुण, त्यापुढे दर ०.२५ मिमीला ०.१ गुण जातो. आता समजा, रायफल शिकंज्यात घट्ट धरूनही तुमच्या पेलेटचा ग्रुप (शॉटचा पुंजका) मध्य ते मध्य ३ मिमी येतो. म्हणजे हात अजिबात न हलता, काहीही न चुकता मारलेला शॉट १०.४ पर्यंत घसरू शकतो. ग्रुप १ मिमीचा असेल तर तोच शॉट १०.८ च्या खाली जात नाही. शॉटमागे सरासरी ०.१ गुण गेला तरी ६० शॉट्सच्या फेरीत ६ गुण होतात. पात्रता फेरीत तेवढ्या फरकात यादीचे एक पान उलटते.

पिस्तुलाचे गणित वेगळे आहे. तिथे दहाचे वर्तुळ ११.५ मिमीचे आणि पात्रता फेरीत दशांश नाहीत. मध्य ८ मिमी इकडेतिकडे झाला तरी दहाच मिळतात. त्यामुळे पिस्तूलवाल्यांनी लॉट निवडण्यात फार पैसे घालू नयेत. चांगल्या प्रतीचे मॅच पेलेट घ्यावे आणि उरलेला पैसा ग्रिप, ट्रिगर आणि सरावाच्या डब्यांवर घालावा.

मॅच पेलेट शिशाचे, सपाट तोंडाचे असते, त्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅमचे वापरतात, पिस्तुलासाठी त्याहून थोडे हलके. टोकदार किंवा गोल तोंडाचे छर्रे इथे कामाचे नाहीत. डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे जे आकडे असतात ते पेलेटच्या डोक्याचा व्यास. सुरुवात ४.५० ने करा. अमुक बॅरलला अमुकच व्यास लागतो असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर मान डोलवा आणि चाचणी करा, कारण एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन बॅरलना वेगवेगळे लॉट मानवतात.

चाचणी कशी करायची

सिलिंडर पूर्ण भरा. फेल्टच्या गोळ्यांनी बॅरल साफ करा आणि दहा शॉट नुसते मारा. धुतलेली नळी पहिल्या काही शॉटना स्थिर होत नाही. रायफल निर्मात्याने सांगितलेल्या जागी शिकंज्यात धरा. बॅरल जबड्यात दाबू नका, ती आमच्याकडे दुरुस्त होणार नाही.

प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे दोन ग्रुप घ्या. लॉट बदलला की मधले पाच शॉट मोजू नका, आधीच्या पेलेटचे शिसे नळीत असते. पाच शॉटच्या ग्रुपवर निर्णय घेणे ही नेहमीची घाई आहे. पाच शॉट नशिबानेही जवळ पडतात. ग्रुपच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरने मोजून त्यातून ४.५ वजा केले की मध्य ते मध्य अंतर मिळते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ते आयतेच मिळते. पहिल्या दोन क्रमांकांचे लॉट दुसऱ्या दिवशी पुन्हा मारून पाहा. दोन्ही दिवशी जो पुढे राहिला तो घ्या.

लॉट क्रमांक डबीवर छापलेला असतो. मनाजोगता लॉट सापडला की हंगामाचा साठा एकदम घ्या. एका डबीत ५०० पेलेट असतात आणि रोज ८० शॉट मारणाऱ्याला एक डबी जेमतेम सहा दिवस पुरते. सगळा सराव महाग लॉटवर करायची गरज नाही. सरावाला त्याच व्यासाचे आणि त्याच वजनाचे स्वस्त पेलेट चालते, फक्त सामन्याच्या आधीच्या आठवड्यात मॅचच्या डबीवर या आणि साइट पुन्हा लावून घ्या.

पेलेटचा मागचा पोकळ घेर कागदासारखा पातळ असतो. डबी खाली पडली की त्या घेराच्या कडा दबतात आणि ग्रुपमधून एखादा शॉट अचानक बाहेर जातो. पडलेली डबी सरावात संपवा. कोकणात, पावसाळ्यात उघड्या डबीवर पांढरी भुकटी धरते. ते पेलेट टाकून द्या आणि नव्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका.

हवा आणि वेग

रायफलमधला रेग्युलेटर दर शॉटला सारखाच दाब देतो. सिलिंडरचा दाब फार उतरला की मात्र वेग पडू लागतो. वेग १७० वरून १६५ झाला तर दहा मीटरवर पेलेट सुमारे १ मिमी खाली लागते, म्हणजे नेम तोच असून ०.४ गुण गेला. गेजचा काटा हिरव्या पट्ट्याच्या टोकाला आला की भरा, संपेपर्यंत थांबू नका. क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा शॉटमध्ये २-३ मीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर रेग्युलेटर आणि सील तपासायला आणा.

सिलिंडर सावकाश भरा. घाईत भरला की तो तापतो, गेज २०० बार दाखवते आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. भरण्याच्या जोडणीला तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेते. ऑक्सिजनची बाटली तर चुकूनही जोडू नका. उन्हात उभ्या गाडीत भरलेला सिलिंडर ठेवू नका. विमानाने जाताना तो रिकामा करून, रायफलपासून सोडवून न्यावा लागतो. विमान कंपनीला आधी कळवा.

ट्रिगर

पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. तपासणीत बॅरल उभी धरून ट्रिगरच्या मध्यावर वजन अडकवतात आणि ते जमिनीवरून उचलायला जास्तीत जास्त तीन संधी देतात. नेमके ५०० लावून जाऊ नका. प्रवासातल्या हादऱ्यांनी स्क्रू जरासा फिरला तरी तपासणी फसते, ५१५-५२० ठेवा.

रायफलला किमान वजन नाही, म्हणून नवखे ट्रिगर अगदी हलका करतात. मग बोट लागताच शॉट सुटतो आणि नेमबाज ट्रिगरला घाबरू लागतो. पहिल्या टप्प्याला बऱ्यापैकी वजन, दुसऱ्याला थोडेसेच, अशी वाटणी करा म्हणजे बोटाला थांबा स्पष्ट कळतो. एका वेळी एकच स्क्रू, पाव वळसा. फिरवण्यापूर्वी खुणेचा फोटो काढून ठेवा.

साइट

पुढची रिंग लहान असेल तर नेम अचूक होतो हा समज घट्ट आहे. डोळ्यापासून ९० सेंटीमीटरवर असलेल्या रिंगमध्ये टार्गेटचे ३०.५ मिमीचे काळे वर्तुळ साधारण २.७ मिमीचे दिसते. ३.८ ची रिंग घेतली तर भोवती अर्ध्या मिलिमीटरचा पांढरा काठ राहतो. त्याहून लहान रिंगमध्ये काळे वर्तुळ काठाला शिवताना दिसते, नेमबाज शॉट धरून ठेवतो आणि डोळा थकतो. ३.८ ते ४.२ मध्ये सुरुवात करा.

ग्रुप वाचताना

उभा लांबट ग्रुप आला तर आधी हवेचा दाब बघा, मग श्वास. शॉट डावीकडे-खाली सरकत असतील तर रायफल डावीकडे कलते आहे. दोन वेगळे पुंजके पडले तर साइटचा स्क्रू सैल आहे किंवा डबीत दोन लॉट मिसळले आहेत. आडवा फैलाव बहुतेक वेळा ट्रिगरच्या बोटाचा किंवा खांद्यावर दर वेळी वेगळी बसणाऱ्या बट प्लेटचा. शिकंज्यातला ग्रुप चांगला असेल तर रायफल उघडू नका, कोचकडे जा.

दुकानात येताना

लॉट चाचणीसाठी रायफल, भरलेला सिलिंडर आणि सध्या वापरत असलेली पेलेटची डबी घेऊन या. बॅरलमध्ये पूर्ण लांबीची सेफ्टी लाइन (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी दोरी) घातलेली असावी. चाचणीची डबी आमची. त्यातला लॉट आवडला तर त्याच क्रमांकाच्या सीलबंद डब्या मिळतील. सील तोडलेली डबी परत घेतली जात नाही, कारण ती कुठे पडली होती ते डबीवरून कळत नाही.