काचेवर ओरखडा उठला, म्हणजे हिरा खरा?

इंदूरच्या सराफ्यात हिऱ्याची अंगठी घ्यायला निघालं की घरातलं कुणीतरी हमखास बजावतं, "काचेवर घासून बघा, ओरखडा उठला तर खरा." यावर अजिबात विसंबू नका. मोहस मापनात, म्हणजे कठीणपणाच्या 1 ते 10 या मोजपट्टीवर, काचेचा कठीणपणा साधारण 5.5. हिऱ्याचा 10, हे खरं. पण हिऱ्यासारखे दिसणारे नकली खडेही कठीणच: अमेरिकन डायमंड 8 ते 8.5 आणि मॉयसनाइट 9.25. दोघंही काचेवर सहज ओरखडा काढतात. वर घासताना खऱ्या हिऱ्याच्या कडेचा टवका उडू शकतो, ते नुकसान वेगळंच.

सुटा खडा असेल तर वजन करा. 6.5 मिलिमीटरचा गोल हिरा सुमारे 1 कॅरेट भरतो, तेवढाच अमेरिकन डायमंड 1.7च्या आसपास. मॉयसनाइट मात्र उष्णतेवर चालणाऱ्या टेस्टर पेनलाही चकवतो. तो दहापट भिंगाखाली किंचित तिरका धरा: मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात तसं दिसत नाही.

लॅबमध्ये वाढवलेला हिरा या सगळ्यांत पास होतो, कारण तो हिराच आहे. नैसर्गिक की नाही, हे प्रयोगशाळाच सांगते. म्हणून जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा रिपोर्ट मागा, त्यात नोंद असेल तर गर्डलवर (खड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या कडेवर) लेसरने कोरलेला नंबर भिंगातून स्वतः जुळवा आणि तोच संस्थेच्या वेबसाइटवर तपासा. दर्जा बघताना आधी कट, म्हणजे पैलू कसे पाडलेत ते. तो बिघडला असेल तर डी रंगाचा, म्हणजे सर्वांत रंगहीन श्रेणीचा खडाही मंद दिसतो.