गाडीची बॅटरी वारंवार उतरणे

गाडीची बॅटरी वारंवार उतरणे : मोटारगाडीतील १२ व्होल्टची शिसे-अम्ल बॅटरी चार्ज करून बसवल्यावरही काही दिवसांत सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरवण्यास असमर्थ होणे. रात्रभर चालू राहिलेल्या दिव्यामुळे एकदाच उतरलेली बॅटरी येथे अभिप्रेत नाही. मराठवाड्यात बॅटरी ‘उतरली’ आणि ‘बसली’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने येतात. निदानाच्या दृष्टीने ते वेगळे ठेवणे इष्ट. उतरलेली बॅटरी चार्ज केल्यावर पूर्ववत होते, बसलेली होत नाही. हा भेद न केल्याने चांगली बॅटरी मोडीत जाते, दोष गाडीतच राहतो आणि नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच उतरते.

शिसे-अम्ल घटाचे जनकत्व सामान्यतः फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांना (१८५९) दिले जाते. त्याआधी १८५४ मध्ये झिन्स्टेडेन या जर्मन वैद्याने विरल गंधकाम्लातील शिशाच्या पत्र्यांत विद्युत् भार साठतो, हे नोंदवले होते. रिटर यांचा दुय्यम (पुन्हा चार्ज होणारा) घट तर १८०३ च्या सुमाराचा आहे. मात्र त्यात शिसे नव्हते. शोध आधी कोणाचा, हा वाद यातून निघतो. झिन्स्टेडेन यांचे निरीक्षण खरे असले, तरी वापरण्याजोगा संचायक घडवण्याचे काम प्लांते यांनीच केले, त्यामुळे त्यांच्याकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. १८८१ मध्ये फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची रीत काढली. आजच्या पट्टिका त्याच वाटेने आल्या आहेत.

घट उतरताना नेमके काय घडते, यावरही मतभेद होते. ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी १८८२ मध्ये मांडलेल्या द्विसल्फेट सिद्धांतानुसार दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट तयार होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी वाढते. पुढे पर्यायी उपपत्ती सुचवल्या गेल्या, पण ऊष्मागतिकीय मापनांशी हाच सिद्धांत चांगला जुळतो. निदानाला त्याचा थेट उपयोग होतो : आम्ल खर्ची पडत असल्यामुळेच द्रवाच्या विशिष्ट गुरुत्वावरून (पाण्याच्या तुलनेत तो किती जड, यावरून) बॅटरी किती उतरली आहे ते कळते. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत केटरिंग यांचा विद्युत् स्टार्टर आला. तोपर्यंत बहुतेक गाड्या हँडल मारूनच सुरू होत, आणि बॅटरी उतरली म्हणून प्रवास सहसा अडत नसे.

कारणांचे तीन गट पडतात : बॅटरी भार (चार्ज) धरत नाही, डायनामो भार देत नाही (गॅरेजांत अल्टरनेटरलाही डायनामोच म्हणतात), किंवा उभ्या गाडीत काहीतरी भार ओढत राहते. शाळा-बाजारापुरत्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी सेल्फने घेतलेला भार भरून निघत नाही, हे चौथे कारण. त्यात गाडीचा दोष नसतो.

मराठवाड्यात उष्णतेचा विचार आधी करावा लागतो. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाणे नेहमीचे आहे, आणि बॉनेटखाली तापमान त्याहून बरेच अधिक असते. दर १० अंशांना रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा ठोकताळा येथेही लावतात : पाणी उडते, धन पट्टिकेची जाळी झिजते, बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो. नुकसान उन्हाळ्यात होते, पण उघडकीस येते ते बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, जेव्हा इंजिनातील तेल घट्ट होते आणि सेल्फला जास्त जोर लागतो. दोष थंडीवर ढकलला जातो. उडालेले पाणी बोअरच्या पाण्याने भरून काढण्याची सवय त्याहून घातक. त्यातील क्लोराइडे व लोह पट्टिकांना मारक ठरतात. डिस्टिल्ड वॉटरखेरीज दुसरे काही घालू नये.

पहिली चाचणी मल्टिमीटरची. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, सेल्फ मारण्यापूर्वी, दोन्ही टर्मिनलांवर दाब (व्होल्टेज) मोजतात. नुकत्याच चाललेल्या गाडीत वरवरचा भार फसवा आकडा दाखवतो. वेळ नसल्यास हेडलाइट मिनिट-दोन मिनिटे लावून तो उतरवावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. १०.५ च्या आसपास अडकलेला आकडा सहांपैकी एक घट निकामी झाल्याचा संशय निर्माण करतो.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजणारे साधन) अधिक बोलका असतो, कारण तो प्रत्येक घटाची हकिगत वेगळी सांगतो. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी घटांत ०.०५० हून अधिक फरक पडला, तर बॅटरी बसली असे समजावे. परदेशी पुस्तकांतील पूर्ण भाराचा १.२६५ हा आकडा मात्र येथे जसाच्या तसा लावू नये. उष्ण प्रदेशासाठी आम्ल मुद्दाम थोडे सौम्य, १.२४० च्या सुमारास ठेवण्याची प्रथा आहे. तीव्र आम्ल उन्हात जाळी लवकर खाते. शिवाय २७ अंशांच्या वर दर अंशाला ०.०००७ मिळवावे लागतात. द्रव ४७ अंशांवर असताना १.२२५ दिसले तर खरे मान १.२३९ धरायचे, म्हणजे भरलेली बॅटरी उतरलेली ठरवण्याची चूक मे महिन्यात सहज होते.

भारचाचणीत, म्हणजे बॅटरीवर जोर देऊन पाहताना, कोल्ड क्रँकिंग अँपिअरच्या (थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरी देऊ शकते त्या प्रवाहाच्या) निम्मा प्रवाह १५ सेकंद ओढतात. सुमारे २१ अंशांवर दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. चाचणीपूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज केलेली हवी, नाहीतर निष्कर्ष निरर्थक होतो.

इंजिन चालू असताना टर्मिनलांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर डायनामो ठीक. कमी मिळाल्यास आधी पट्टा आणि अर्थिंगची वायर पाहावी. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला असतो आणि बॅटरीतील पाणी झपाट्याने आटते. नव्या गाड्यांत चार्जिंग संगणकाच्या ताब्यात असल्याने आकडा खालीवर होतो; त्यावरून घाईने दोष काढू नये.

उभ्या गाडीतील गळती शोधणे सर्वांत चिकाटीचे. ऋण टर्मिनल सोडवून मध्ये अँपिअरमापक जोडतात, दारे बंद असल्याचे भासवण्यासाठी कुलपाची कडी स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून ठेवतात आणि थांबतात. गाडीतील नियंत्रक (इलेक्ट्रॉनिक संगणक) झोपी जायला अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून अधिक लागतो. मापक १० अँपिअरचा असताना चावी फिरवली तर त्याचा फ्यूज जातो. झोपलेल्या गाडीत ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालण्यासारखा. दिवसाला तो १.२ अँपिअर-तास होतो, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्यावर यायला दोन आठवडे लागतात. डिकीतील ५ वॉटचा दिवा मात्र सुमारे ०.४ अँपिअर ओढतो आणि तीच बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी करतो.

पुढची पायरी कोणती, यावर कारागिरांत दोन मते आहेत. जुनी रीत म्हणजे एकेक फ्यूज काढून प्रवाह कधी पडतो ते पाहणे. दुसरी, फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांतील मिलिव्होल्ट मोजणे; प्रवाह वाहत असेल तरच ते दिसतात. फ्यूज काढला-घातला की झोपलेले नियंत्रक पुन्हा जागे होतात आणि मोजमाप बिघडते. त्यामुळे नव्या गाड्यांसाठी दुसरी रीत सरस. सर्व परिपथ निर्दोष निघाले तर डायनामोची जाड वायर सोडवून पाहावी, कारण त्यातील डायोडाची गळती फ्यूजपेटीत दिसतच नाही. बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम आणि सेंट्रल लॉक या वस्तू आधी तपासाव्यात, विशेषतः त्यांची वायर चावीऐवजी थेट बॅटरीवरून घेतली असेल तर.

काळ्या मातीची धूळ व आम्लाचा ओलावा मिळून बॅटरीच्या माथ्यावर वाहक थर बसतो. मापकाची एक सळई ऋण टर्मिनलवर आणि दुसरी प्लास्टिकच्या माथ्यावर टेकवून दाब दिसला, तर माथा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. सोडा घटांत जाऊ देऊ नये. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते ही समजूत जुन्या लाकडी व रबरी पेट्यांच्या काळातली असावी. आजच्या प्लास्टिक पेटीला ती लागू नाही.

काम करताना ऋण टर्मिनल आधी सोडवतात व शेवटी जोडतात. चार्जिंगमधून निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासूनच पेट घेऊ शकतो. बसलेल्या बॅटरीबाबत ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ लागू असून ती विक्रेत्याकडे परत दिल्यास मोडीची किंमत बहुधा नव्या बॅटरीच्या दामातून वजा होते.